मुक्त हेडर आणि लायब्ररी : संगणकाशी बोलण्याचा सर्वांचा अधिकार

तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुने ग्रामीण भागात सर्वांच्या परिचयाचे आहेत. नमुना ७ मध्ये जमिनीवरील अधिकारांची, तर नमुना १२ मध्ये पिकांची नोंद होते. कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे, हे ठरलेले असते. रकाना चुकला तर नोंदीचा अर्थच बदलतो. आता अशी कल्पना करावी की, हे कोरे नमुने एकाच छापखान्यातून व त्याच्याच अटींवर मिळतात, आणि कागदावर हाताने तसे रकाने आखण्यास इतरांना मनाई आहे. तसे झाल्यास जमीन शेतकऱ्याची असूनही त्याचे काम कोऱ्या कागदावाचून अडेल. संगणकाच्या क्षेत्रात नेमका असाच प्रश्न उभा राहिला आणि काही कार्यकर्त्यांनी तो परिश्रमाने सोडविला. त्या कार्याची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

संगणकातील सर्व साधनांवर ऑपरेटिंग सिस्टिमचे नियंत्रण असते. फाइल उघडणे, पडद्यावर खिडकी दाखविणे, छपाई करणे ही कामे कोणतीही आज्ञावली स्वतः करीत नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे तशी मागणी करते. ही मागणी करण्याची ठरलेली रीत असते. विंडोज या प्रणालीत या रीतीस ‘विन३२’ म्हणतात. १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आली, तिच्याबरोबर ही रीत रूढ झाली.

एक साधे उदाहरण घ्यावे. ‘नोंद कायम करावयाची काय?’ असा प्रश्न पडद्यावर विचारावयाचा आहे. त्यासाठी ‘मेसेजबॉक्स’ नावाची सोय आहे. तिला चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने द्याव्या लागतात : प्रश्न कोणत्या खिडकीच्या वतीने विचारला जात आहे ते, प्रश्नाचा मजकूर, वरचे शीर्षक आणि बटणांचा प्रकार. प्रकार ४ असा दिला की ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे उमटतात. वापरणाऱ्याने ‘होय’ निवडले तर उत्तर ६ येते, ‘नाही’ निवडले तर ७ येते. ही नावे, हा क्रम आणि हे आकडे ज्या फाइलींत लिहिलेले असतात त्यांना हेडर फाइल म्हणतात. प्रत्यक्ष काम करणारा भाग विंडोजमध्येच असतो. तो कोणत्या फाइलीत सापडेल, हे सांगणारा छोटा दुवा म्हणजे ‘इंपोर्ट लायब्ररी’ होय. थोडक्यात, काय मागावे हे हेडर सांगते आणि कोठे मागावे हे लायब्ररी सांगते. या दोहोंवाचून कंपायलर कितीही उत्तम असला तरी त्याचा विंडोजवर उपयोग होत नाही.

कंपायलर मात्र विनामूल्य उपलब्ध होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८७ मध्ये त्यांचा ‘जीसीसी’ हा कंपायलर प्रसिद्ध झाला. अडचण होती ती विंडोजच्या हेडरांची. मायक्रोसॉफ्टची हेडरे त्या कंपनीच्या परवान्याखाली येत. ती जशीच्या तशी मुक्त कंपायलरबरोबर वाटता येत नसत. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत सुरू झालेल्या ‘सिग्विन’ने युनिक्सच्या आज्ञावली विंडोजवर आणल्या, परंतु तेथे तयार झालेल्या आज्ञावलीस सिग्विनची स्वतःची लायब्ररी सोबत बाळगावी लागे. थेट विंडोजशी बोलणारी आज्ञावली बनविता यावी, यासाठी कॉलिन पीटर्स यांनी १९९८ मध्ये ‘मिनजीडब्ल्यू’ या प्रकल्पाचा आरंभ केला. अँडर्स नॉरलँडर यांनी सिद्ध केलेला ‘डब्ल्यू३२एपीआय’ हा हेडर व लायब्ररींचा संच त्याचा आधार ठरला.

हे काम कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टची हेडरे समोर ठेवून नक्कल करणे वर्ज्य होते. सर्वांसाठी प्रसिद्ध झालेले दस्तऐवज वाचावयाचे, सोयीचे नाव व तिला लागणाऱ्या गोष्टींचा क्रम समजून घ्यावयाचा आणि आपल्या हाताने नवी फाइल लिहावयाची, असा दंडक होता. शेकडो सोयींसाठी हे करावे लागले. एखाद्या रचनेतील एका घटकाचा आकार चुकला, तर पुढील प्रत्येक घटक भलत्या जागी वाचला जातो आणि आज्ञावली कोसळते. रकाना सरकल्यावर नोंदवहीचे होते तसेच हे होय. एवढे श्रम घेऊनही लेखकांनी या फाइलींवर स्वामित्व सांगितले नाही. त्या सार्वजनिक मालकीच्या म्हणून जाहीर केल्या.

पुढे ६४ बिटांचे संगणक आले आणि जुनी मापे अपुरी पडली. त्यासाठी २००५ मध्ये ‘मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४’ हे काम सुरू झाले. काई टीट्झ यांचा त्यात प्रमुख वाटा आहे. चित्रफिती दाखविणारी ‘व्हीएलसी’, चित्रे दुरुस्त करणारी ‘गिंप’ आणि संख्याशास्त्रातील ‘आर’ यांच्या विंडोजवरील आवृत्त्या याच साधनांनी घडविल्या जातात. ‘कोडब्लॉक्स’सारख्या विनामूल्य साधनाबरोबर हा संच मिळत असल्याने शाळेतील विद्यार्थ्यालाही परवान्याचा खर्च न करता विंडोजवर चालणारी आज्ञावली लिहिता येते.

मराठीचाही येथे प्रत्यक्ष संबंध आहे. मेसेजबॉक्सची दोन रूपे आहेत. पहिले जुन्या मर्यादित लिपीसंचासाठी, दुसरे युनिकोडसाठी. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय झाली ती युनिकोडच्या आधारे. म्हणून मराठी मजकुरासाठी दुसरे रूप स्वीकारणे हा सरळ मार्ग आहे. मुक्त हेडरांत दोन्ही रूपे नोंदलेली असल्याने मराठी आज्ञावली लिहिणाऱ्यास कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

तथापि, अशा नमुन्यांवर कोणाची मालकी असू शकते काय, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. जावा भाषेच्या अशाच घोषणांच्या सुमारे ११,५०० ओळी गूगलने अँड्रॉइडमध्ये घेतल्या, म्हणून ओरॅकलने २०१० मध्ये दावा दाखल केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ६ विरुद्ध २ मतांनी हा वापर न्याय्य ठरविला. अशा घोषणांना मुळात स्वामित्वाचे संरक्षण असते की नाही, याचा निर्णय मात्र न्यायालयाने दिला नाही. तो प्रश्न खुला असल्यामुळेच नक्कल टाळून, स्वतंत्रपणे लिहिलेल्या फाइलींचे महत्त्व अधिक आहे.

प्रशासनाच्या दृष्टीने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींच्या स्वीकाराचे आणि खुल्या ‘एपीआय’चे अशी दोन धोरणे जाहीर केली. कार्यालयासाठी आज्ञावली करून घेताना केवळ ती चालते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तिच्याकडून माहिती मागण्याची रीत लेखी स्वरूपात मिळाली आहे काय, आणि ती रीत वापरण्यास दुसऱ्या कोणासही मोकळीक आहे काय, हेही करारापूर्वी पाहिले पाहिजे. एरवी पुरवठादार बदलताच गावाच्या नोंदी त्याच गावाला अनोळखी होतात. पुनःपुन्हा तेच दप्तर टंकलिखित करण्याचा खर्च मग ग्रामपंचायतीलाच सोसावा लागतो.

शिक्षकांसाठीही येथे वाव आहे. मेसेजबॉक्सच्या चार रकान्यांचा लहानसा पाठ वर्गात घेता येईल. पडद्यावर मराठीत प्रश्न उमटला आणि ‘होय’ दाबताच ६ हा आकडा परत आला, की संगणकाच्या आतील व्यवहार विद्यार्थ्याला गूढ वाटत नाही. नमुना कळला की तो भरता येतो, आणि भरता येऊ लागला की पुढे स्वतः आखताही येतो.