लेखानुदान आणि आपली आगोट

आम्ही वीरच्या बचत गटातल्या बायका आज सरकारच्या हिशेबाबद्दल बोलणार आहोत.

सरकारचं नवं वर्ष १ एप्रिलला लागतं. निवडणूक तोंडावर असली की पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी थोड्या महिन्यांच्या खर्चापुरती विधानसभेची मंजुरी घेतात. त्याला लेखानुदान म्हणतात. २०२४ साली लोकसभेची निवडणूक होती. आपल्या राज्यानं फेब्रुवारीत चार महिन्यांचं लेखानुदान घेतलं, आणि पूर्ण अर्थसंकल्प आला २८ जूनला.

लेखानुदानात चालू खर्च भागतो: पगार, निराधारांचं अनुदान. नवी योजना बहुतेक वेळा पूर्ण अर्थसंकल्पाची वाट बघते. लाडकी बहीण योजनासुद्धा त्या २८ जूनलाच जाहीर झाली.

पण आपली गरज जूनअखेरपर्यंत थांबत नाही. आगोटीची खरेदी, घर शाकारणं, भाताचं बियाणं, पोरांची वह्या-पुस्तकं, सगळं एप्रिल ते जूनमध्येच येतं. त्यात कुणीतरी सांगतं, "योजना येतेय, पैसे मिळतील." त्या भरवशावर कर्ज काढलं, तर हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच भरावा लागतो.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या. योजना चालू आहे की नवी? शासन निर्णय निघाला का? पैसे खात्यात जमा झाले का? आणि गटाची थोडी शिल्लक मे महिन्यासाठी राखून ठेवायची. येत्या बैठकीत एवढं तरी ठरवूया.