रोगनामांचा विग्रह

आषाढाच्या सरी सुरू झाल्या, कीं रत्नागिरी जिल्ह्यांत भाताच्या लावणीची घाई उडते. माणसें दिवसभर चिखलांत उभीं असतात. आणि त्याच सुमारास तापाच्या वार्ताही गांवोगांवीं ऐकूं येऊं लागतात. त्या वार्तांत एक शब्द हटकून असतो, तो म्हणजे ‘लेप्टो’. शेतकरी तो उच्चारतो, दुकानदार उच्चारतो, एस. टी.च्या गाडींत शेजारीं बसलेला उतारूही उच्चारतो. परंतु या शब्दाचा अर्थ काय, असें कोणी विचारलें, तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. तें मिळणें कठीणच. कारण हा पूर्ण शब्द नव्हे, एका लांबलचक सामासिक शब्दाचें तें केवळ पहिलें पद आहे. ग्रीक भाषेंत ‘लेप्टॉस’ म्हणजे बारीक, सडपातळ. तेव्हां एखाद्याला ‘लेप्टो झाला’ म्हणजे शब्दशः ‘बारीक झाला’, एवढाच अर्थ निघतो!

पूर्ण शब्द ‘लेप्टोस्पायरोसिस’. लेप्टो म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळें, आणि शेवटीं ‘ओसिस’ हा विकृत अवस्था दाखविणारा प्रत्यय. बारीक वेटोळ्यासारख्या जंतूमुळें आलेली अवस्था, असा त्याचा सरळ विग्रह. सूक्ष्मदर्शकाखालीं हा जंतु खरोखरच मळसूत्रासारखा पिळदार दिसतो. उंदीर, घुशी व गुरेंढोरें यांच्या मूत्रांतून तो पाण्यांत व चिखलांत उतरतो आणि पायांवरील जखमांतून व ओरखड्यांतून माणसाच्या शरीरांत शिरतो. वेळीं औषध न मिळाल्यास तो यकृतावर व मूत्रपिंडांवर घाला घालूं शकतो.

वैद्यकांतील पुष्कळसे शब्द याच रीतीनें घडलेले आहेत. ते वाचण्याची युक्ति अशी, कीं आरंभ बहुधा शेवटापासून करावा. शेवटचें पद काय घडलें तें सांगतें. मधलें पद कोठें घडलें तें सांगतें. आणि आरंभीं उपसर्ग असल्यास किती वा कसें, याचा उलगडा तो करतो. ‘आयटिस’ म्हणजे दाह. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणें. ‘स्कोपी’ म्हणजे यंत्रानें आंत पाहणें. ‘ईमिया’ म्हणजे रक्ताची स्थिति. आतां ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड, ‘हेपार’ म्हणजे यकृत, ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा, एवढें ठाऊक झालें, कीं नेफ्रायटिस, हेपटायटिस, आर्थ्रायटिस हे तीन शब्द आपोआप उलगडतात. वर्तमानपत्रांतून ‘गॅस्ट्रोची साथ’ म्हणून जिचा उल्लेख होतो, तिचें पूर्ण नांव ‘गॅस्ट्रोएन्टरायटिस’, म्हणजे जठर व आंतडें यांचा दाह. लोकव्यवहारानें येथेंही पहिलें पद तेवढें ठेविलें. जठर राहिलें आणि रोग गळाला.

मराठी घरांतील माणसाला ही विद्या परकी वाटण्याचें कारण नाहीं. शाळेंत समासाचा विग्रह त्यानें केलेलाच असतो. शिवाय ग्रीक व संस्कृत या एकाच भाषाकुळांतील भाषा असल्यामुळें वैद्यकांतील कित्येक पदें घरच्या पदांचीं जुनीं नातेवाईक निघतात. ‘हायपर’ म्हणजे ‘उपरि’, ‘हायपो’ म्हणजे ‘उप’, ‘पेरि’ म्हणजे ‘परि’, ‘डिस’ म्हणजे ‘दुस्’, आणि नकारार्थी ‘अन्’ तर दोन्हीकडे सारखाच. अवयवांतही तोच प्रकार आढळतो: ‘ऑस्टिऑन’ म्हणजे अस्थि, ‘ओडोंट’ म्हणजे दंत, ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. ‘अतिसार’ या शब्दांत वाहण्याची क्रिया आहे, आणि ‘डायरिया’ या शब्दांतही वाहण्याचीच. दोन देशींच्या वैद्यांनीं एकच लक्षण पाहिलें आणि नांव देण्याची रीतही एकच धरली.

पदें जोडून नवा शब्द घडविण्याचा उद्योग रत्नागिरीला नवा नाहीं. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळांत या जिल्ह्यांत स्थानबद्ध होते, आणि येथील वास्तव्यांतच त्यांनीं भाषाशुद्धीचा हिरिरीनें पुरस्कार केला. ‘दिनांक’, ‘महापौर’ असे त्यांच्या नांवाशीं जोडले गेलेले शब्द पाहावेत. दिन आणि अंक, महा आणि पौर; पदें जुनींच, जोड नवी. ज्याला हे शब्द प्रथमच ऐकूं आले असतील, त्यालाही अर्थाची वाट थोडीशी दिसलीच असेल. वैद्यकांतही यकृतशोथ, संधिशोथ असे शब्द याच पद्धतीनें घडले. २०२३ सालीं रत्नागिरींत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथें मराठी शाळेंतून येणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रीक शब्दांचा डोंगर चढावा लागतो. पण ‘उपरि’ व ‘उप’ ज्याला ठाऊक आहेत, त्याच्या शिदोरींत दोन घांस आधींच आहेत.

हें ज्ञान केवळ विद्यार्थ्यांच्या कामाचें नाहीं. मधुमेहाच्या रोग्याचेंच उदाहरण घ्यावें. ‘हायपरग्लायसेमिया’ आणि ‘हायपोग्लायसेमिया’ हे दोन शब्द कानाला जवळ जवळ सारखे वाटतात. एकांत रक्तांतील साखर वर चढलेली असते, तर दुसऱ्यांत ती खालीं उतरलेली असते. सामान्यतः १०० मिलिलिटर रक्तांत ७० मिलिग्रॅमहून कमी. साखर उतरलेल्या रोग्याला दरदरून घाम फुटतो, हात कांपतात, तो असंबद्ध बोलूं लागतो. तो शुद्धीवर व गिळण्याजोगा असेल, तर त्याला ताबडतोब साखर द्यावयाची. शुद्ध हरपली असेल, तर तोंडांत कांहींच न घालतां रुग्णालय गांठावयाचें. अशा वेळीं ‘मधुमेही माणसाला साखर कशी द्यावी?’ म्हणून घरचीं माणसें अडून बसलीं, किंवा साखर चढली असें समजून त्यांनीं इन्शुलिन टोचलें, तर प्राणावर बेततें. अंतर केवळ एका उपसर्गाचें! म्हणून दूरध्वनीवर बोलतांना केवळ ‘हायपर’ वा ‘हायपो’ असें न म्हणतां ‘साखर चढली’ किंवा ‘साखर उतरली’ असें स्पष्ट मराठींत सांगणेंच शहाणपणाचें.

मात्र विग्रहाला मर्यादाही आहे. ‘मलेरिया’ हा शब्द इटालियन. त्याचा अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीवरील कुंद हवेनें हा ताप येतो, ही जुनी समजूत त्या नांवांत गोठून राहिली. पुढें १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना या रोगाचे परोपजीवी डासाच्या पोटांत सांपडले आणि हवेवरचा आरोप टळला. नांव मात्र जुनेंच राहिलें. ‘अॅनिमिया’चा शब्दार्थ रक्ताचा अभाव, परंतु रोग्याच्या शरीरांत रक्त असतेंच, त्यांतील हिमोग्लोबिन घटलेलें असतें. आणि ‘लेप्टोस्पायरोसिस’ हें नांव जंतूची आकृति सांगतें, पण तो कोणत्या वाटेनें आला तें सांगत नाहीं. नांवाचा अर्थ कळला म्हणजे रोग कळला, असें कोणी समजूं नये. निदान व उपचार हें वैद्याचेंच काम.

तथापि प्रश्न विचारणें हें रोग्याच्या घरच्यांचें काम आहे, आणि त्यासाठीं ही किल्ली उपयोगी पडते. डॉक्टरांनीं रोगाचें नांव उच्चारलें, कीं तें पूर्ण लिहून घ्यावें. शेवटचें पद कोणतें, मधलें कोणत्या अवयवाचें, आरंभीं ‘हायपर’ आहे कीं ‘हायपो’, हें त्यांनाच विचारून खात्री करून घ्यावी आणि नांवाखालीं त्याचा मराठी अर्थ टिपून ठेवावा. रात्रीं अपरात्रीं रुग्णालयांत धांवावें लागलें, तर घाबरलेल्या माणसाच्या हातीं तो कागद असावा.