इंडोनेशियातली कामगार संघटना कशी वाढली आणि कशी मारली
(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी तरुण साथींनी मिळून केलेलं भाषण)



कालपास्नं शिबिरात एकच विषय चाललाय. जंगल खात्याचा साहेब कागद देऊन गेलाय. सभासदांची यादी द्या, दोन वर्षं मोर्चा-घेराव करणार नाही असं लिहून द्या, मग प्लॉटांचं बघू. काही जुन्या साथींचं म्हणणं, देऊन टाकू, निदान जमीन तरी पदरात पडेल. त्यांनी लाठ्या खाल्ल्यात, जेल भोगलीय, त्यांचं थकणं आम्हाला समजतं. पण आम्ही पोरापोरींनी ठरवलं का त्याआधी इंडोनेशियाची गोष्ट सांगायची. शहरातल्या साथींनी पुस्तकं दिली, आम्ही चौघांनी बारावीच्या इंग्रजीच्या जोरावर वाचली.

इंडोनेशिया म्हंजे समुद्रातल्या हजारो बेटांचा देश. तिथं डच गोऱ्यांचं राज्य होतं, जसं आपल्यावर इंग्रजांचं. जावा बेटावर सागाचं मोठं जंगल. डचांनी ते सरकारी केलं आणि तोडीला गावची माणसं जबरदस्तीनं नेली. त्या लाकूडतोड्यांना तिथं ब्लांदोंग म्हणायचे. पुढं नवा साग लावायचा तेव्हा गरीब माणसाला दोन ओळींच्या मधी मका-भात पेरायला द्यायचे. दोन-तीन वर्षं झाली, रोप वर आलं, का चल, नीघ. आपल्या म्हाताऱ्यांना एकसाली प्लॉट आठवत असतील. तेच ते.

1945 साली देश स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं, पण डच परत आले आणि लढाई लागली. त्या लढाईतच, 29 नोव्हेंबर 1946 ला, सोबसी निघाली. सगळ्या देशातल्या कामगार संघटनांची ती मध्यवर्ती संघटना. गोदीवाले, रेल्वेवाले, साखर कारखान्यातले, छापखान्यातले, सगळे तिच्यात. तिचं नातं कम्युनिस्ट पक्षाशी, हे उघड होतं. मळ्यातल्या मजुरांची युनियन होती सारबुप्री, जंगलातल्या मजुरांची सारबुक्सी. जंगल मजुराची युनियन देशाच्या मोठ्या संघटनेत बरोबरीनं बसते, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

पहिला घाव लवकर बसला. 1948 मध्ये मदियून गावी पक्षाचा आणि सरकारी फौजेचा झगडा झाला. त्यानंतर डिसेंबरात सोबसीचे अध्यक्ष हार्जोनो यांना दुसऱ्या पुढाऱ्यांबरोबर गोळ्या घातल्या. एवढं होऊनही संघटना उठली. 1950 मध्ये सारबुप्रीनं संप केला, त्यात सात लाख मळामजूर उतरले. रबर, चहा, सगळं बंद. बायाही मोठ्या संख्येनं होत्या, कारण चहा खुडणाऱ्या बायाच. सरकारला मधी पडावं लागलं. पण सरकारनं धडाही घेतला. 1951 च्या फेब्रुवारीत महत्त्वाच्या उद्योगांत संपाला बंदी आली, ऑगस्टात हजारोंची धरपकड.

आता नीट ऐका, आमच्या मते गोष्ट इथं वळते.

1957 मध्ये आधी देशभर लष्करी कायदा लागला. मग डिसेंबरात कामगारांनी डच कंपन्यांचे मळे, गोद्या, कचेऱ्या ताब्यात घेतल्या. मालक पळाला, कामगारांनी झेंडा लावला. थोड्याच दिवसांत लष्कर आलं आणि म्हणालं, हे आता देशाचं आहे, आम्ही सांभाळतो. बऱ्याच ठिकाणी अधिकारीच मॅनेजर झाले. कालचा मालक गोरा होता, आजचा मालक बंदूकवाला. आणि त्याच्याविरुद्ध संप केला तर तो देशद्रोह!

सोबसीच्या पुढाऱ्यांनी हे पुष्कळसं चालवून घेतलं. राष्ट्रपती सुकार्नो आपल्या बाजूचे, त्यांना अडचणीत आणायचं नाही, असा हिशोब होता. सभासद वाढत गेले, तीस लाखांच्या वर गेल्याचा दावा होता. पण संप करायची सवय गेली. विळा भिंतीला टांगून ठेवला का गंजतो, तसं झालं. लष्करानं आपली वेगळी कामगार संघटनाही काढली. त्यांना बुरुह, म्हंजे मजूर, हा शब्दच नको होता. म्हणे सगळे कार्यावान, म्हंजे कर्मचारी, साहेब पण आणि मजूर पण. आपल्याकडं सोसायटीत कूपतोड्याला 'सभासद' म्हणतात आणि मजुरी मुकादम ठरवतो, त्याची आठवण झाली.

मग 1965. 30 सप्टेंबरच्या रात्री लष्करातल्याच एका गटानं सहा जनरल उचलून मारले. पक्षाच्या काही वरच्या पुढाऱ्यांचा त्यात हात होता असं म्हणतात. मळ्यातल्या मजुराला त्यातलं काय माहीत? पण जनरल सुहार्तोनं सगळ्यांवर वरवंटा फिरवला. मारलेल्या माणसांचा अंदाज पाच लाख आणि त्याहून जास्त सांगतात. कित्येक ठिकाणी लष्करानं हत्यारं गावच्याच पोरांच्या हातात दिली. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं. सभासद कोण हे हुडकायला लागलं नाही, कारण मळ्यावर मॅनेजर लष्कराचाच होता. सारबुक्सीची माणसंही जंगल खात्यातून हाकलली, मारली.

1966 मध्ये पक्षावर बंदी आली, सोबसी संपली. हजारो कैदी बुरू नावाच्या बेटावर नेले आणि त्यांच्याकडून जंगल तोडून शेतं करून घेतली. त्या बेटावर मूळचे रहिवासी होते. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि हे कोणाच्या भाषणात फारसं येत नाही. 1967 मध्ये नवा जंगल कायदा झाला आणि बाहेरच्या बेटांवरची जंगलं कंपन्यांना, जनरलांना तोडीला मिळाली. 1973 मध्ये सरकारनं स्वतःची एकच कामगार संघटना काढली. सोबसीचे शेवटचे अध्यक्ष मुनीर, त्यांना मे 1985 मध्ये गोळ्या घातल्या. वीस वर्षं झाली होती, तरी सोडलं नाही.

आपल्यावर तसलं संकट येतंय असं आम्ही म्हणत नाही, उगाच घाबरवायचं नाही. पण तीस लाखांची संघटना एका रात्रीत मेली असं जे वाटतं, ते खरं नाही. आठ वर्षं आधीच तिचा संप गेला होता.

म्हणून आमचं म्हणणं असं. यादी द्यायची नाही. जमिनीचा दावा ज्याचा त्यानं स्वतःच्या नावानं करावा, पुरावा म्हणून दंडाच्या पावत्या जोडाव्यात, अर्जावर पोच घ्यावी. मोर्चा न काढण्याची सही तर अजिबात नको. सखूमावशी काल म्हणाली, "पोरांनो, सही नाही केली तर नाकेदार पीक मोडंल." मोडू शकतो, मावशी. त्यासाठी राखणीच्या पाळ्या लावायच्या का, कोणत्या पाड्यानं कधी यायचं, ते जेवणानंतर ठरवू. ज्यांच्या पावत्या उंदरांनी खाल्ल्या त्यांनी आत्ताच नावं सांगा.