लोखंडी पहार आणि दोन एकर शेत



शौर्यपदक छातीवर कसे आले, ते आपण आवडीने ऐकतो. त्यानंतर त्या वीराने उरलेले आयुष्य कसे कंठले, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. हवालदार उमराव सिंह यांच्या जीवनाचे हे दोन्ही भाग सारख्याच मोलाचे आहेत.

हरियाणातील झज्जरजवळच्या पलडा गावचा हा तरुण १९३९ साली सैन्यात दाखल झाला. १५ डिसेंबर १९४४. ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात त्यांची पहाडी तोफ अगदी पुढच्या ठाण्यावर होती. दीड तास जपानी तोफांचा भडिमार झाला आणि मागोमाग पायदळ चालून आले. दोन हातबॉम्बनी जखमी होऊनही उमराव सिंहांनी हल्ला परतवला. दुसऱ्या हल्ल्यानंतर त्यांच्यासह तिघेच तोफची उरले. तिसऱ्या हल्ल्यात काडतुसेही संपली, तेव्हा त्यांनी तोफेची जड लोखंडी पहार उचलली आणि शत्रूशी झुंज घेतली. सहा तासांनी ते तोफेपाशी बेशुद्धावस्थेत सापडले. चेहरा ओळखू येत नव्हता, पण पहार हातात घट्ट होती. भोवती दहा जपानी सैनिक मरून पडले होते. तोफ शाबूत होती. त्याच दिवशी ती पुन्हा धडाडली.

ऑक्टोबर १९४५ मध्ये लंडनच्या राजवाड्यात त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ प्रदान झाला. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात १९६५ पर्यंत सेवा करून ते सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाले आणि वडिलोपार्जित दोन एकर जमिनीवर परतले. १९८३ साली ‘पद्मभूषण’ मिळाले, तरी ओढगस्त संपली नाही. पदकासाठी मोठमोठ्या रकमा देऊ करणारे संग्राहक येत. उमराव सिंह नकार देत. पदक विकणे म्हणजे रणात पडलेल्या सोबत्यांच्या सन्मानाला डाग लावणे, अशी त्यांची धारणा होती.

१९९५ साली महायुद्धसमाप्तीच्या सुवर्णमहोत्सवासाठी ते लंडनला गेले. पदकासोबतचे वार्षिक मानधन १९६० सालापासून वाढलेले नाही, ही गोष्ट त्यांनी पंतप्रधान जॉन मेजर यांच्या कानी घातली. ते १६८ पौंडांचे मानधन पुढे १,३०० पौंड झाले. ते केवळ त्यांचेच वाढले नाही. हयात असलेल्या सर्व पदकधारकांचे वाढले.

कोणी विचारील, परकीय राजाने दिलेल्या पदकाचे एवढे कौतुक कशाला? मित्रहो, राजा परका होता. पण ती पहार पेलणारे मनगट याच मातीतले होते. पदकात त्यांना मुकुट दिसत नव्हता, तर तोफेपाशी कायमचे झोपलेले सोबती दिसत होते.

२१ नोव्हेंबर २००५ रोजी दिल्लीच्या सैनिकी रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. पलडा गावी लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी सरसेनापती जातीने उपस्थित होते. तो मान उचितच होता. परंतु दोन एकरांवर राबणाऱ्या वीराची विचारपूस त्याच्या हयातीत करणे, हे समाजाचे काम आहे. आपल्या गावातही असा एखादा वृद्ध माजी सैनिक असेल. घरी जाताना त्याच्या दारावरून जा, आणि क्षणभर आत डोकावा, एवढीच विनंती.