आधी प्रार्थना, मग पाऊल

पहाटे प्रवासास निघणाऱ्या माणसाचे चित्त उंबरठा ओलांडण्यापूर्वीच वाटेला लागलेले असते. वाहन मिळेल ना, सोबती पुढे तर गेला नसेल ना, अशा विचारांत देवाचे नाव ओठांवर आले तरी अंतःकरणात उतरत नाही. यहुदी धर्मशास्त्राने ह्या घटकेचा विचार फार बारकाईने केला आहे.

मूळ नियम कडक आहे. सकाळच्या प्रार्थनेला हिब्रू भाषेत ‘शहरीत’ म्हणतात. ती झाल्यावाचून माणसाने स्वतःच्या कामास हात घालू नये, वा प्रवासास निघू नये, असा तालमूदाचा दंडक आहे. योसेफ कारो ह्या पंडितांच्या ‘शुलहान आरूख’ ह्या संहितेतही तो आला आहे. ही संहिता १५६५ साली व्हेनिस येथे प्रथम छापली गेली. प्रार्थनेपूर्वी मुद्दाम शेजाऱ्याच्या दारी जाऊन त्याला अभिवादन करणेही ह्या संहितेस मान्य नाही. दिवसाचा पहिला मान ईश्वराचा, हा ह्यामागील भाव. प्रार्थनेचा उत्तम काळ सूर्योदयाचा. तिची मुदत मात्र दिवसाच्या चौथ्या तासाच्या अखेरपर्यंत. हा तास घड्याळाचा नव्हे. तो दिवसाच्या उजेडाचा बारावा हिस्सा असल्यामुळे उन्हाळ्यात लांबतो आणि हिवाळ्यात आखडतो.

परंतु नियम घालणाऱ्यांना संसार ठाऊक होता. प्रार्थनेपूर्वी पाणी पिण्यास अथवा औषध घेण्यास त्यांनी मोकळीक ठेवली. भुकेने व्याकूळ झालेल्यास त्यांनी आजाऱ्याच्या पंक्तीस बसविले. ज्याला भल्या पहाटे निघणे भागच आहे, त्याने सूर्योदयाची वाट न पाहता उजाडू लागताच प्रार्थना करावी, अशी सवलत दिली. क्राकोचे मोझेस इसरलेस यांनी आणखी एका मताची नोंद केली: प्रारंभीची काही आशीर्वचने म्हटल्यावर कामास लागण्यास हरकत नाही. तथापि कडक नियम पाळणेच बरे, असेही त्यांनी सांगून ठेवले.

आणि वाटेतच प्रार्थनेची वेळ झाली तर? इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली ‘मिश्ना’ म्हणते, की गाढवावर बसलेल्याने खाली उतरावे. उतरणे शक्य नसेल तर जेरुसलेमकडे तोंड वळवावे. तेही न साधले तर मन तिकडे लावावे. पुढे तालमूदात असेही मत आले, की प्रवाशाने बसल्या जागीच प्रार्थना करावी, कारण उतरल्यावर त्याचे चित्त स्थिर राहणार नाही. देहाची शिस्त एकेक पायरी सैल होत जाते. चित्ताची मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. जहाज आणि गाडी यांविषयी मिश्नेने जो विचार केला, त्याच्याच आधारे पुढील काळातील धर्मपंडितांनी आगगाडी व विमान यांचा विचार केला.

मजुराचीही आठवण शास्त्राने ठेवली आहे. झाडावर किंवा अर्धवट बांधलेल्या भिंतीवर असलेल्या कारागिराने ‘शमा’ हे श्रद्धावचन तेथूनच म्हणावे. उभ्याने म्हणावयाच्या मुख्य प्रार्थनेसाठी मात्र खाली उतरावे. जेवणानंतरचे त्याचे आशीर्वचनही आखूड केले, कारण त्याचा वेळ मालकाच्या कामाचा होता. भक्तीच्या नावाखाली दुसऱ्याच्या हक्कास धक्का लागू नये, ही दृष्टी त्यात आहे.

हा शमा कोकणास परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, अर्थात बेने इस्राएल, इतर हिब्रू प्रार्थनांचे विस्मरण झाले तरी त्याचा उच्चार करीत राहिले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

नगराबाहेर पडल्यावर यहुदी प्रवासी आणखी एक लहान प्रार्थना म्हणतो. सुखरूप पोहोचविण्याची ती विनवणी आहे. अबाये ह्या तालमूदकालीन आचार्यांनी सांगितले, की ती एकट्याने म्हटली तरी ‘मला’ न म्हणता ‘आम्हांला’ असे म्हणावे. त्यामुळे निर्जन वाटेवरचा एकटा वाटसरूही त्या क्षणी साऱ्या प्रवाशांचे क्षेम मागत असतो.