गोफण आणि शेजाऱ्याचे शेत

(पडेगाव, छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहरातून दौलताबाद-वेरूळकडे निघाले की छावणीच्या पुढे पडेगाव लागते. मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र येथे आहे, आणि त्याच्या आसपास शहर झपाट्याने पसरत आहे. जेथे जोंधळा डोलत असे तेथे आता प्लॉटांचे दगड रोवलेले दिसतात. अशा ठिकाणी गोफणीवर बोलायचे म्हणजे कालबाह्य वस्तूचे कौतुक करायचे, असे कोणाला वाटल्यास नवल नाही. परंतु शेतीच्या अर्थकारणातला एक प्रश्न या दोन हात दोरीइतका स्वच्छपणे दुसरे कोणतेही अवजार मांडत नाही. तो प्रश्न असा : पिकाची राखण कोणी करायची, आणि ती कोणाच्या जिवावर?

गोफणीची रचना साधी आहे. अंबाडीच्या किंवा सुताच्या दोन दोऱ्या, त्यांच्यामध्ये दगड बसेल एवढी विणलेली खोळ. एका दोरीच्या टोकाला बोट अडकवण्यासाठी फास असतो, दुसरे टोक नुसते मुठीत धरायचे. डोक्याभोवती गरगर फिरवून ते मोकळे टोक सोडले की गोटा सुटतो आणि दोरीचा फटका हवेत वाजतो. दोरीमुळे हाताची लांबी वाढते, आणि लांब हाताच्या टोकाला वेगही अधिक असतो. एवढेच तिचे यंत्रशास्त्र. बेचकीला रबर लागते, म्हणून बेचकी अलीकडची. गोफण मात्र हजारो वर्षांची. रोमच्या सैन्यात बॅलेआरिक बेटांवरचे गोफणकरी होते, आणि अँडीज पर्वतातले मेंढपाळ आजही लोकरीची गोफण फिरवून कळप वळवतात. पैसा, परवाना, कारखाना यांपैकी कशाचीही गरज नसलेले हे हत्यार जगभर गरिबाच्या हाती राहिले, ते उगाच नव्हे.

या हत्याराचे उपयोग दोन. एक मारण्याचा, दुसरा हुसकावण्याचा. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि दोन्हींत वर्गाचा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम मारण्याचा. ससा, तितर, लावा, होला ही माळावरच्या भुकेल्या माणसाची शिकार. गोफण, फास, जाळे ही तिची साधने. राजेरजवाड्यांची आणि साहेबांची शिकार बंदुकीची होती, तिला मर्दुमकी म्हणत. फासेपारध्याने तितर पकडला की तो गुन्हा ठरे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदाच केला आणि जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, पण ठपका पुसला गेला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या मूळ मसुद्यात मोठ्या शिकारीचा आणि लहान शिकारीचा परवाना मिळण्याची सोय होती. म्हणजे ज्याला कचेरीचे उंबरठे झिजवता येत त्याची शिकार कायदेशीर, आणि ज्याला अर्जही लिहिता येत नसे त्याची चोरटी! १९९१ च्या दुरुस्तीने ही सोय बंद झाली आणि शिकारीला सर्वांसाठीच मज्जाव झाला. हा निर्णय योग्यच होता. माळरानेच आक्रसत चालली असताना सशा-तितरांवर उपजीविका ठेवणे यापुढे शक्य नाही आणि इष्टही नाही. तथापि कायद्याने ज्याच्या हातून फास काढून घेतला त्याच्या हाती जमीन, पशुधन किंवा कायमचे काम द्यायला हवे होते. तो दुसरा अर्धा भाग बहुतांशी राहूनच गेला. संरक्षणाचा खर्च सर्वांत दरिद्री माणसाकडून वसूल करण्याची सवय इथून सुरू होते.

आता हुसकावण्याचा. कायद्याच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. मारणे, पकडणे, विष घालणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे ही शिकार होय. पिकावर बसलेला थवा उडवून लावणे ही शिकार नव्हे. जोंधळ्याचे दाणे दुधात आले की माळा उभारायचा, पहाटे पाखरांच्या आधी त्यावर चढायचे, डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या, गोफण फिरवायची. दुपारी ऊन चढले की थवे झाडीत विसावतात, तेवढीच उसंत; तिसऱ्या प्रहरी पुन्हा सुरुवात. जाणता राखण्या गोटा पाखरावर नेम धरून मारत नाही, थव्याच्या वरून सोडतो. पाखरू उडते ते दोरीच्या फटक्याला आणि गोट्याच्या सणसणाटाला भिऊन. पलीकडच्या शेतात माणसे असतात, म्हणून शहाणा माणूस दगडाऐवजी वाळवलेल्या मातीचे गोळे वापरतो. गोफणीचे सामर्थ्य न मारता धाक घालण्यात आहे.

हा संयम केवळ भूतदयेचा नाही, व्यवहाराचाही आहे. हिवाळ्यात जोंधळ्यावर उतरणाऱ्या भोरड्या मध्य आशियातून येतात. इथे त्या कणसे टिपतात; तिकडे विणीच्या हंगामात त्याच भोरड्या टोळ आणि नाकतोडे फस्त करतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त करण्यासाठी त्यांना मुद्दाम घरट्यांच्या जागा करून दिल्या जातात. याच चीनमध्ये १९५८ साली उंदीर, माश्या, डास यांच्याबरोबर चिमणीलाही शत्रू ठरवण्यात आले होते. लाखो माणसांनी थाळ्या-ढोल बडवून चिमण्यांना खाली बसू दिले नाही. थकून त्या आकाशातून कोसळल्या. पुढे पिकांवर किडी माजल्या आणि १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला. समाजवादी म्हणवणाऱ्या माणसाने हा धडा विशेष लक्षात ठेवावा. निसर्गाशी हुकूमशाहीने वागता येत नाही, मग ती कोणाच्याही नावाने असो.

येथवर गोफणीचे गुण झाले. परंतु तिची एक मर्यादा सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही, आणि राजकारण नेमके तिथेच सुरू होते. गोफणीने पाखरू नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या शेतात जाते. ज्या घरात राखणीला चार माणसे आहेत त्याचे पीक वाचते. ज्या घरातला पुरुष ऊसतोडीला गेला, बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, त्याच्या शेतात सारा थवा उतरतो. राखण जितकी कडक, तितका दुबळ्या शेजाऱ्यावरचा भार मोठा.

पूर्वी सगळे शिवार जोंधळ्याचे असे, तेव्हा हा भार वाटला जाई. थवा शंभर शेतांत विखुरला की कोणा एकाचे घर बसत नसे. पुढे कापूस, मका, सोयाबीन पसरले. स्वस्त धान्य दुकानातून गहू-तांदूळ मिळू लागले आणि जोंधळ्याला सरकारी खरेदीचा भक्कम आधार लाभला नाही. आता ज्याने घरच्या भाकरीसाठी आणि जनावरांच्या कडब्यासाठी एकट्याने एकरभर जोंधळा पेरला, त्याच्यावर पंचक्रोशीतली पाखरे तुटून पडतात. मग तोही पुढच्या साली जोंधळा सोडतो. त्याने जोंधळा का सोडला याची कारणे शोधणारे पाऊस पाहतात, बाजार पाहतात; रिकामा माळा सहसा कोणी पाहत नाही.

पाखरांचे जे, तेच रानडुकरांचे आणि रोह्यांचे, फक्त अधिक भीषण. येथे गोफण चालत नाही. डुक्कर रात्री येते, कळपाने येते. ज्याची ऐपत आहे तो सौरकुंपण घालतो. सरकार त्याला वैयक्तिक अनुदानही देते. कुंपणाला थडकलेला कळप मग बिनकुंपणाच्या शेतात वळतो, आणि ते शेत बहुधा अल्पभूधारकाचे किंवा बटाईदाराचे असते. निराश झालेला माणूस कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतो किंवा विष पेरतो. त्यात जनावर मरते, मोर मरतो, आणि कित्येकदा पहाटे पाणी द्यायला निघालेला गडीच मरतो. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे, पण तो मिळवण्याची ताकद कोणाची असते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

पीकविम्यात वन्य प्राण्यांमुळे होणारी हानी २०२६ च्या खरिपापासून धरण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्याचे स्वागत केले पाहिजे. मात्र नुकसान ७२ तासांच्या आत, छायाचित्रांसह, मोबाइलवरच्या ॲपमधून कळवायचे आहे. तोंडी कराराने जमीन कसणाऱ्या बटाईदाराचे नाव सातबारावर नसते. आठ-पंधरा दिवस थव्याने थोडे थोडे टिपलेले कणीस कोणत्या एका दिवसाची हानी म्हणून दाखवायचे, हाही प्रश्नच आहे.

राखण ही सामाजिक जबाबदारी आहे, हे जुन्या गावाला कळत होते. परंतु त्याने ती जातीवर टाकली. गावाची राखण आणि जागल महारांच्या माथी मारली, बदल्यात पेंढी-भाकरी दिली आणि वर त्याला वतन असे भारदस्त नाव दिले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबईचा कायदा यायला १९५८ साल उजाडले. वेठ गेली हे उत्तमच झाले. पण वेठीच्या जागी मजुरीची सार्वजनिक राखण आली नाही. ज्याचे त्याने पाहावे, असे ठरले. आणि ज्याचे त्याने पाहावे म्हणजे बायकांनी आणि पोरांनी पाहावे. हंगामात माळ्यावर बसलेल्या मुलाचा शाळेचा पट कोरा राहतो. ते त्याच्या जोंधळ्याच्या किमतीत कोठे धरले जाते?

पडेगावला हे सारे निराळ्या रूपात भोगावे लागते. नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये शहराचा कचरा घेण्यास नकार दिला, तेव्हा प्रक्रियेसाठी चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी यांच्याबरोबर पडेगावची निवड झाली. नारेगावकरांचा लढा न्याय्य होता. कचऱ्यावर प्रक्रिया व्हायला हवी हेही खरे. पण शहर आपली पीडा स्वतःच्या दारातून उठवून कडेच्या वस्तीत बसवते, ही रीत गोफणीचीच. फरक इतकाच की माळ्यावरचा राखण्या हे नाइलाजाने करतो, आणि नियोजन करणारे शहर हे निवांतपणे करते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कुंपणाचे अनुदान एकेकट्या शेताला न देता शिवाराच्या सलग सीमेला द्यावे, आणि त्यात अल्पभूधारकाचा तुकडा आधी यावा. हंगामातली राखण हे मजुरीचे काम मानून गावाने सामाईक राखणदार नेमावेत आणि त्यांच्या मजुरीत शासनाचा वाटा असावा. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी स्वीकारली होती. त्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये. हमीभाव ठरवताना घरच्या माणसांचे राखणीचे तास पुरेपूर मोजावेत. बटाईदाराचा विम्याचा दावा ग्रामसभेच्या दाखल्यावर स्वीकारावा. आणि एका शिवारातल्या शेतकऱ्यांनी जोंधळा एकत्र, सलग आणि एकाच सुमारास पेरावा. हे काम सरकारची वाट न पाहता कार्यकर्त्यांना येत्या रब्बीतच हाती घेता येईल. दहा शेते एका वेळी दुधात आली की थवा विभागला जातो आणि दोन माळ्यांवर दहा घरांची राखण होते.

गोफण टिकवा असा या विवेचनाचा आग्रह नाही. ती टिकेल किंवा संग्रहालयात जाईल. पण पाखरू एका शेतातून उठले की ते कोठे जाऊन बसते, हे पाहण्याची सवय मात्र चळवळीला हवी. प्रत्येक योजनेला, प्रत्येक अनुदानाला, शहराच्या प्रत्येक आराखड्याला हाच प्रश्न विचारावा लागेल, आणि त्याचे उत्तर सभागृहात मिळाले नाही तर ते बांधावर जाऊन, सर्वांत शेवटच्या शेतात उभे राहून शोधावे लागेल.