व्हिक्सबर्ग ते सुपारीबाग



हार्बर लाईनवर रे रोड आणि शिवडी यांच्या मध्ये कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. काळाचौकी-लालबागची माणसं तिथं रोज चढतात-उतरतात. मुंबईच्या कापूस बाजाराचं हे तिसरं ठिकाण. पहिला बाजार कोटात भरायचा, सेंट थॉमस कॅथेड्रलसमोरच्या मैदानात. १८४४ साली तो कुलाब्याला हलला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीकडे आला. आज मी बोलणार आहे ते मधल्या, कुलाब्याच्या बाजाराबद्दल. त्यातही १८६१ ते १८६५ या वर्षांबद्दल. त्या काळात कुलाब्याला गाठीचा भाव काय निघणार हे ठरायचं अमेरिकेतल्या रणांगणांवर. तिथं उत्तर आणि दक्षिण अशी यादवी पेटली होती.

दक्षिणेकडच्या अकरा राज्यांनी संघराज्यातून फुटून वेगळी चूल मांडली होती. त्यांची सारी संपत्ती कापसाच्या मळ्यांत, आणि ते मळे राबत होते सुमारे ३५ लाख गुलामांच्या कष्टांवर. ही गुलामगिरी टिकवण्यासाठीच ती राज्यं फुटली होती. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीनचतुर्थांशांहून जास्त कापूस याच मळ्यांतून जायचा. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट सम्टरवर मारा केला आणि आठवड्याभरात अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. सुरुवातीला ती नाकेबंदी फार पातळ होती. पण दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी स्वतःच कापूस रोखून धरला. कापूस मिळाला नाही की इंग्लंड आपल्या बाजूनं लढाईत उतरेल, अशी त्यांची खात्री होती. इंग्लंडजवळ आदल्या वर्षीचा साठा होता, ते हललं नाही. आणि साठा संपत आला तेव्हा त्याची नजर मुंबईकडे वळली.

आपला कापूस लिव्हरपूलला ‘सुरती’ म्हणून ओळखला जायचा, मग तो भडोचचा असो, खानदेशचा असो, वऱ्हाडातला असो की धारवाडचा. धागा आखूड, त्यात कचरा फार. लँकेशायरच्या कामगारांना तो नकोसा वाटायचा. पण दुसरा मिळेना. १८६३ साली भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. त्याआधी आणि नंतरही बैलगाड्यांच्या रांगा आणि किनाऱ्यावरची गलबतं मुंबईकडे कापूस ओतत होती. घरातल्या गाद्या उसवून त्यातला कापूससुद्धा लोकांनी विकला, असं त्या काळाबद्दल सांगितलं जातं. युद्धापूर्वी लिव्हरपूलला अमेरिकन कापसाचा भाव पौंडाला ७-८ पेन्स होता. १८६४ मध्ये तो २७ पेन्सांच्या घरात गेला, आणि त्याच्या मागोमाग सुरतीही चढला.

बातम्या येत बोटीनं. अमेरिकेहून लिव्हरपूल, तिथून भूमध्य समुद्र, इजिप्तमध्ये थोडी रेल्वे, मग सुएझहून पुन्हा बोट. म्हणजे तिकडे झालेली लढाई इकडे कळायला महिना-दीड महिना जाई. तिकडे मृतांचं दफन होऊन गवत उगवलेलं असे, आणि इकडे त्याच लढाईवर वायदे चाललेले असत.

आता त्या लढायांकडे वळू. इतिहासाच्या पुस्तकांत गेटिसबर्गचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं. जुलै १८६३ मधले ते तीन दिवस भयंकरच होते. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५० हजार लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याची उत्तरेवरची चढाई मोडली. तरीही मला स्वतःला वाटतं, युद्धाचं पारडं फिरलं ते मिसिसिपी नदीवर.

त्याची सुरुवात १८६२ च्या एप्रिलअखेर झाली. फॅरागट या उत्तरेच्या नौदल अधिकाऱ्यानं न्यू ऑर्लिन्स घेतलं. हे दक्षिणेचं सगळ्यात मोठं शहर आणि कापसाचं सगळ्यात मोठं बंदर. आता नाकेबंदी कागदावरची राहिली नाही. पण वरच्या अंगाला व्हिक्सबर्ग हे उंच कड्यावरचं गाव दक्षिणेच्या हातात होतं आणि त्याच्या तोफा नदीवर रोखलेल्या होत्या. आपल्याकडे भोर घाट आणि थळ घाट एकाच्या हाती असले की कोकण आणि देश यांची ताटातूट करता येते, तसं हे गाव होतं. उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट यानं सबंध हिवाळाभर त्याच्यापुढे हात टेकले. दलदलीतून वाट काढून पाहिली, नदीला बगल देणारा कालवा खणून पाहिला, काही साधलं नाही. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री त्याच्या बोटी त्या तोफांच्या खालून, मारा सोसत निघून गेल्या. सैन्य पलीकडच्या काठानं चालत दक्षिणेला उतरलं, नदी ओलांडून अलीकडे आलं आणि मागच्या बाजूनं गावावर चालून गेलं. रसदीचा रस्ता जवळजवळ तोडून, मुलखातूनच धान्य घेत त्यानं ही मोहीम चालवली. मे महिन्यात वेढा पडला. गावातल्या लोकांनी तोफगोळ्यांपासून जीव वाचवायला टेकड्यांत गुहा खणल्या, शेवटी शेवटी खेचराचं मांस खाल्लं. ४७ दिवसांनी, ४ जुलैला, सुमारे ३० हजार सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली. गेटिसबर्ग संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. नदी उत्तरेच्या ताब्यात आली आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले.

दुसरं वळण त्याच्याही आधीचं, आणि ते केवळ लष्करी नव्हतं. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिटम ओढ्याकाठी एका दिवसात सुमारे २३ हजार माणसं पडली. ली मागे हटला. लढाई निर्णायक म्हणता येणार नाही, पण लिंकन यांना हवी होती तेवढी संधी तिनं दिली. पाच दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त समजले जातील. त्या दिवसापासून उत्तरेचं सैन्य जिथं जिथं पोहोचलं तिथं गुलामगिरी कायद्यानं संपत गेली. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या फौजेत दाखल झाले. गुलामगिरीच्या बाजूनं उघडपणे लढणं आता इंग्लंडलाही अवघड झालं.

मुंबईला या गोष्टी कशा ऐकू आल्या असतील? १८६३ सालीच गोविंद नारायण माडगांवकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झालं. बदलतं, वाढतं, श्रीमंत होत चाललेलं शहर त्या पुस्तकात भेटतं. गव्हर्नर बार्टल फ्रिअर कोटाच्या भिंती पाडत होते. युद्ध तर आपल्या समुद्रापर्यंतही येऊन गेलं. दक्षिणेचं ‘अलाबामा’ हे गलबतं जाळत हिंडणारं जहाज जानेवारी १८६४ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर होतं. तिथं त्यानं ‘एमा जेन’ हे अमेरिकन गलबत जाळलं आणि माणसं अंजेंगोला उतरवली.

त्या काळच्या हिशेबानुसार युद्धाच्या वर्षांत नेहमीच्या भावाच्या वर मुंबईला सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे मिळाले. एवढा पैसा ठेवायचा कुठं? बँका निघाल्या, फायनान्स कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे सुरतेकडचे जैन गृहस्थ, वय तिशीच्या आसपास, या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते. त्यांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेची कर्जं सुटत. समुद्र बुजवणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर २५ हजारांच्या पुढे विकला गेला. व्यापारी, कारकून, डॉक्टर, सगळे या सट्ट्यात उतरले. आपले भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान माणसाचंही त्यात फार मोठं नुकसान झालं.

एक गोष्ट मला या इतिहासात नेहमी बोचते. या बाजाराला युद्ध चालू राहायला हवं होतं. २ सप्टेंबर १८६४ ला उत्तरेचा सेनापती शर्मन यानं अटलांटा घेतलं, नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आले, डिसेंबरात शर्मन समुद्रकाठच्या सव्हानाला पोहोचला आणि तिथल्या हजारो गाठी कापसासह ते शहर त्यानं लिंकन यांना नाताळची भेट म्हणून दिलं. जानेवारीत विल्मिंग्टनच्या तोंडावरचा फोर्ट फिशर पडला आणि दक्षिणेचं शेवटचं मोठं बंदर बंद झालं. दास्यातून माणसं सुटत होती, लढाई संपत आली होती, आणि मुंबईच्या पेढ्यांवर सुतक पसरत होतं. ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्स इथं ली यानं ग्रँटपुढे शस्त्रं ठेवली. पाच दिवसांनी लिंकन यांना गोळी घातली गेली. मुंबईत कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे व्यवहार पुरे करायचे होते, आणि त्या दिवशी घेणाऱ्यांपाशी पैसे नव्हते. दिवाळ्यांची रांग लागली, प्रेमचंदही बुडाले. १८६४ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८ लाख १६ हजार होती. १८७२ मध्ये ती ६ लाख ४४ हजार भरली.

शहरातल्या धनिकांच्या दिवाळ्याची हकीकत आपल्याकडे पुष्कळ सांगितली जाते. शेतकऱ्याची कमी सांगितली जाते. तेजीत त्याची पत वाढली, सावकारानं हात सैल सोडला, सारा वाढला. मग भाव पडले आणि कर्ज तेवढं उरलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांमागे इतरही कारणं होती, पण कापसाची ही तेजी-मंदी त्यांतलं एक मोठं कारण होतं.

मुंबईत त्या पैशाचं काय उरलं ते आपण रोज पाहतो. प्रेमचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. बॅक बे कंपनी बुडाली, पण तिच्या भरावाच्या पट्टीवरून चर्चगेटकडे रेल्वे गेली. एल्फिन्स्टन कंपनीनं पूर्व किनाऱ्यावर समुद्र बुजवून मिळवलेली जमीन सरकारनं घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला.

आणि गिरण्या. कावसजी दावर यांची पहिली गिरणी ताडदेवला १८५६ मध्येच सुरू झाली होती. युद्धाच्या काळात मात्र कापूस इतका महाग होता की तो कातण्यापेक्षा परदेशी धाडणं फायद्याचं पडे. म्हणून गिरण्यांची खरी वाढ युद्धानंतरची. जमशेटजी टाटांच्या वडिलांची पेढी याच मंदीत कोलमडली होती. सावरल्यावर, १८६९ मध्ये, जमशेटजींनी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलगिरणी घेतली आणि तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा मिल. लालबाग-परळचं गिरणगाव त्यापुढच्या दशकांत घडलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली आणि दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभी राहिली. साप्ताहिक सुट्टी नाही, पगाराची तारीख नाही.

इथं मला त्या युद्धाची मुंबईपर्यंत पोहोचलेली दुसरी वाट सांगायची आहे. ती बोटीनं आली नाही, आणि तिला यायला दहा वर्षं लागली. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. ज्या युद्धात मुंबईच्या बाजारानं भाव पाहिला, त्यात जोतीरावांनी आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचा धडा पाहिला. त्या वेळी महाराष्ट्रात इतक्या लांबच्या लढाईचं मर्म इतक्या नेमकेपणानं ओळखणारा दुसरा माणूस मला दिसत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक समाजातले. स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८० पासून ते मुंबईत ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा बोलावली. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर जखमी झालेल्याला भरपाई मिळावी. साडेपाच हजार कामगारांनी या मागण्यांच्या अर्जावर सह्या केल्या. मालकांनी काही वर्षं दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी पुन्हा सभा झाली, दहा हजार कामगार जमले आणि दोन बाया बोलायला उभ्या राहिल्या. १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.